क्लेम केला नाही, तरी हप्ता वाढला कसा?

कोथरूड, पुणे इथल्या एका वाचक ताईंचं पत्र:

"माझी १,१९७ सीसीची पेट्रोल गाडी तीन वर्षांपूर्वी नवी घेतली. एमएच-१२ पासिंग. रोज हिंजवडीला जाऊन-येऊन असते. आजवर एकही क्लेम नाही, तरी यंदा रिन्यूअलचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आलाय. त्यात गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये खांबाला घासून मागचा बंपर फुटला; गॅरेजवाला ८,५०० रुपये सांगतो. क्लेम करू का? मुलाला अठरा पूर्ण झाली, नुकतंच लायसन्स मिळालं, आता तोही हीच गाडी चालवणार. सासरे ७१ वर्षांचे. त्यांची ९९८ सीसीची गाडी नऊ वर्षं जुनी, सांगलीची, एमएच-१०. वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालते. ती विकून छोटी इलेक्ट्रिक घ्यायची म्हणतात. नणंदेच्या गाडीला हाताने चालवायचा ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवलाय. दीर दुबईहून कायमचे परत येताहेत, ते इथे गाडी घेतील. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये हुशार विद्यार्थ्याला सूट, ज्येष्ठांना सूट, असं बरंच सांगतात. आमच्या घरात कोणाला काय मिळेल?"

ताई, गेल्या वर्षीची पॉलिसी आणि यंदाचं कोटेशन शेजारी-शेजारी ठेवा. दोन्हींत हप्त्याचे दोन भाग दिसतील: आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडी, आणि आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा, म्हणजे थर्ड पार्टी. गेल्या वर्षीच्या कागदावर थर्ड पार्टीसमोर शून्य असेल किंवा ती ओळच नसेल. कारण १ सप्टेंबर २०१८ पासून नवी गाडी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावाच लागतो. तुम्ही तो गाडीच्या बिलातच भरला होता. मधली दोन रिन्यूअल फक्त ओडीची झाली. आता ती तीन वर्षं संपली, म्हणून थर्ड पार्टीचे पैसे पुन्हा सुरू झाले. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी गाडीला ते वर्षाला ३,४१६ रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ४,०३१. तुमचा बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीवर मिळणारी सूट, २५ वरून ३५ टक्क्यांवर गेला असणार, पण त्याने वाचलेले पैसे या चार हजारांपुढे दिसेनासे झाले. तुम्हाला कोणी फसवलेलं नाही.

हा फरक नीट कळला की पुढचं सगळं सोपं जातं, कारण थर्ड पार्टीच्या भागावर कुठलीही कंपनी, कुठलाही एजंट एक रुपया कमी करू शकत नाही. तो दर सरकार ठरवतं: १,००० सीसीपर्यंत २,०९४, तुमच्या गटाला ३,४१६ आणि १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. सूट आहे ती सरकारनेच दिलेली. इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के, हायब्रिडला साडेसात टक्के आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला ५० टक्के. (पैसे भरायच्या दिवशी चालू दर एकदा पाहून घ्या.) बाकी जाहिरातीत "७० टक्के सूट" दिसते ती फक्त ओडीवर असते, तीही जुन्या दरपत्रकाच्या तुलनेत. ओडीचे दर १ जानेवारी २००७ पासून मोकळे झाले, पण हिशेबाचा पाया म्हणून ते दरपत्रक अजूनही वापरात आहे. त्यात तुमच्या गाडीला आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ३.२८३ टक्के दर बसतो. ५,४०,००० आयडीव्ही धरली तर १७,७२८ रुपये. कंपनी त्यावर आपली सूट देते, ४५ टक्के म्हणा, की उरले पावणेदहा हजार. मग त्यातून बोनसचे ३५ टक्के जातात. म्हणजे टक्क्यांची बेरीज होत नाही, एकातून उरलेल्यावर दुसरी सूट बसते. ४५ आणि ३५ मिळून ८० होत नाहीत, ६४ होतात.

आता बंपर. बोनसचे टप्पे सगळीकडे सारखे आहेत: क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५०. एक क्लेम झाला की पुढच्या रिन्यूअलला शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. हिशेबाला सोपं जावं म्हणून बोनस वजा करण्याआधीचा ओडी १०,००० रुपये धरू. नुकसान यंदाच्या रिन्यूअलनंतरचं असेल आणि क्लेम केलात, तर पुढच्या वर्षी ५,५०० ऐवजी १०,००० भरावे लागतील. त्यापुढच्या वर्षी ५,००० ऐवजी ८,०००, मग ७,५००, मग ६,५००, मग ५,५००. पाच वर्षांचा फरक १२,०००, जीएसटी धरून १४,१६०. आयडीव्ही दरवर्षी उतरते म्हणून खरा तोटा याहून थोडा कमी असेल, पण दहा हजारांच्या आसपास धरून चला. नुकसान रिन्यूअलच्या आधीचं असेल तर क्लेम जुन्या पॉलिसीवरच होतो आणि फटका याच रिन्यूअलपासून बसेल. आकडे थोडे बदलतील, निर्णय बदलणार नाही.

आणि हातात येणार किती? गॅरेजच्या ८,५०० मध्ये बंपर ५,०००, रंग २,५०० आणि मजुरी १,००० असं धरू. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, नसेल तर प्लास्टिकच्या भागावर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे २,५०० गेले. रंगाच्या बिलाचा पाव भाग साहित्याचा मानतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे ३१२ गेले. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात. उरले ४,७०० च्या आतबाहेर. झीरो डेप असेल तर साडेसात हजारांपर्यंत. दोन्ही वेळा गमावलेला बोनस जास्त भरतो. म्हणून हा बंपर स्वतः भरून टाका. गॅरेजवाल्याला आधी विचारा की बंपर बदलायलाच हवा का. प्लास्टिकला चीर असेल आणि क्लिपांचे कान शाबूत असतील, तर वेल्डिंग करून, लांबी भरून, रंग मारून बरंच स्वस्तात काम होतं. कान तुटले असतील तर मात्र नवाच टाका. नाहीतर खड्ड्यातून गाडी गेली की बंपर लोंबायला लागतो.

खर्च १५ हजारांच्या पुढे जातोय, पत्रा-दरवाजा-हेडलाइट एकदम गेलाय, कोणाला इजा झालीय, तेव्हा बोनसचा विचारही करू नका. त्याच दिवशी कंपनीला कळवा, गाडी हलवायच्या आधी फोटो काढा आणि सर्व्हेयरने बघितल्याशिवाय काही उघडू देऊ नका.

एजंट कधी कधी सुचवतात की क्लेम घ्या आणि कंपनी बदला, नव्या कंपनीत "क्लेम नाही" असं लिहू, कोण बघतंय. बघतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खात्री करून घेते. बोनस घेताना तुम्ही जे जाहीर करता त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर गाडीच्या नुकसानीचा सगळा लाभ जाईल. चार हजार वाचवायला चार लाखांचा क्लेम घालवायचा नाही.

मुलाबद्दल. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, विम्याचा दर मुख्यतः चालवणाऱ्यावर ठरतो. वय, रेकॉर्ड, काही ठिकाणी परीक्षेचे गुणसुद्धा. म्हणून तिथल्या व्हिडिओत हुशार विद्यार्थ्याला सूट ऐकू येते. आपल्याकडे विमा गाडीला चिकटलेला असतो. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्सवर कोणीही गाडी चालवली तरी पॉलिसी चालते. घरातल्या तरुणाचं नाव वेगळं घालावं लागत नाही. त्यामुळे मुलगा चालवू लागला म्हणून हप्ता वाढणार नाही, आणि तो शहाण्यासारखा चालवतो म्हणून कमीही होणार नाही. पण पहिली दोन वर्षं ओरखडे त्याच्याच हातून निघणार, आणि ते तुमचा बोनस खाणार. म्हणून तुमच्या गाडीवर या दोन वर्षांत झीरो डेप ठेवा आणि बोनस शाबूत ठेवणारं कवच, ज्याला एनसीबी प्रोटेक्ट म्हणतात, ते घ्या. घेताना विचारा: वर्षात किती क्लेमपर्यंत चालतं, आणि पुढच्या वर्षी कंपनी बदलली तर काय.

एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत राहून जाते. पॉलिसीत जो १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो तो फक्त मालकाचा, म्हणजे तुमचा. तुमची गाडी चालवताना मुलाला लागलं तर तो त्याला मिळत नाही. थोड्या जादा हप्त्यात मुलाचं नाव घालून वैयक्तिक अपघात कवच घेता येतं, ते घ्याच. त्याची किंमत तुमच्या स्वतःच्या कवचातूनही निघू शकते: तुमच्या नावावर स्कूटरही असेल तर दोन्ही पॉलिसींत मालक-चालक अपघात विम्याची ओळ शोधा. १ जानेवारी २०१९ पासून हे कवच एकदा असलं की पुरतं. किमान १५ लाखांचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तरी चालतं. तसं लिहून दिलं की दुसरीकडचे काही शे रुपये वाचतात. ऑनलाइन भरताना ती खूण आधीच टिकलेली असते, आपण पुढे जातो आणि दोनदा पैसे भरतो.

मुलगा अठराचा झाला म्हणून लिहिते, पण ज्यांची मुलं अजून सतराची आहेत त्यांनीही वाचावं: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून अपघात केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि १२ महिन्यांसाठी गाडीची नोंदणी रद्द, अशी तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. आणि पांढऱ्या पाटीची गाडी मुलाने भाड्याने, पैसे घेऊन माणसं न्यायला वापरली तर ओडीचा क्लेम नाकारला जातो. कॉलेजातले मित्र पेट्रोल वाटून घेतात ते वेगळं. प्रवासाचे पैसे आकारणं वेगळं.

सासऱ्यांकडे येऊ, इथे खरी मोठी रक्कम आहे.

त्यांच्या जुन्या गाडीवर आता फार काही वाचणार नाही. आयडीव्ही १,८०,००० धरली तर सांगलीच्या, म्हणजे ब विभागातल्या, ३.१९१ टक्के दराने ५,७४४ रुपये होतात. ५० टक्के बोनस वजा केला की २,८७२. त्यातून कंपनीची सूट गेली की दीड हजाराच्या आसपास उरतं. किलोमीटरप्रमाणे हप्ता भरायची योजना, पे ॲज यू ड्राइव्ह, फक्त या दीड हजाराला लागू होईल. थर्ड पार्टीच्या २,०९४ ला हात लागणार नाही. वाचले तर तीन-चारशे रुपये. तेवढ्यासाठी ओडोमीटरचे फोटो पाठवत बसणं ज्याने त्याने ठरवावं. पुण्या-मुंबईच्या अ विभागात दर थोडा जास्त असतो म्हणून काही जण गावाकडे पासिंग करून घेतात. विभाग ठरतो तो आरटीओवरून, हे खरं. पण ९९८ सीसीच्या याच वयाच्या गाडीला अ विभागात ३.२८३ आणि ब विभागात ३.१९१ टक्के, म्हणजे हजाराला ९२ पैशांचा फरक. त्यासाठी पत्त्याचा घोळ करू नका. उलट सासरे आता पुण्यालाच राहत असतील तर आरसीवरचा पत्ता बदलून घ्या. कायद्याने ३० दिवसांत कळवायचं असतं.

मोठी रक्कम आहे ती त्यांच्या बोनसमध्ये. इतकी वर्षं क्लेम नसेल तर ते ५० टक्क्यांवर आहेत, आणि बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकली तरी तो नव्या गाडीवर नेता येतो. नव्या इलेक्ट्रिक गाडीचा पहिल्या वर्षाचा ओडी १८,००० धरा. ९,००० वाचले, जीएसटीसकट १०,६२०. डीलरच्या कोटेशनमध्ये हा बोनस धरलेला नसतो, कारण आपण मागत नाही.

क्रम पाळा. आधी जुनी गाडी विका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की त्यांच्या प्रती, गाडी ताब्यात दिल्याची पावती आणि नवीन नावाची आरसी मिळाली की तिची प्रत, हे सगळं जुन्या विमा कंपनीला द्या आणि एनसीबी रिझर्व्हिंग लेटर, म्हणजे बोनस राखून ठेवल्याचं पत्र, मागा. त्या पत्रावर टक्के आणि तारीख नीट आहेत ना बघा. ते तीन वर्षं चालतं, त्यामुळे नवी गाडी सहा महिन्यांनी आली तरी चिंता नाही. नवी गाडी आधी घेतली आणि जुनी दारातच उभी राहिली, तर एकच बोनस दोन गाड्यांवर मिळत नाही, आणि नव्या गाडीचा पहिल्या वर्षाचा, सगळ्यात मोठा ओडी पूर्ण भरावा लागतो.

आणि इथे एक चूक नेहमी होते. आजोबांनी गाडी घ्यायची पण नावावर नातवाच्या किंवा सुनेच्या. मग बोनस गेला. मालक हयात असताना बोनस दुसऱ्याच्या नावावर जात नाही, घरातल्यांच्याही नाही. मालकाच्या पश्चात गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील यांच्याकडे आली तरच तो त्यांना मिळतो. म्हणून नवी गाडी सासऱ्यांच्याच नावावर घ्या. जुनी गाडी जो विकत घेईल त्यानेही १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करायचा असतो, आणि उरलेल्या काळाच्या बोनसची रक्कम त्याला भरावी लागते. हे व्यवहाराच्या वेळीच त्याला सांगा, नंतर वाद नको.

इलेक्ट्रिकला थर्ड पार्टी ३० किलोवॅटपर्यंत १,७८०, आणि ३० ते ६५ किलोवॅटला २,९०४ रुपये. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम भरायचा असल्याने आकडा मोठा दिसेल. अडीच हजार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला किलोमीटरची योजना या गाडीवर खरी कामाची, कारण ओडीच मोठा आहे. किलोमीटरचा टप्पा घेताना सांगलीच्या दोन फेऱ्या धरून घ्या. पुणे-सांगली जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या पुढे जातं, दोन फेऱ्यांचेच नऊशे-हजार झाले. टप्पा संपला की वाढवून घ्यावा लागतो, आणि तो न वाढवता अपघात झाला तर काय, हे त्या पॉलिसीच्या अटींत आधी वाचा. बॅटरी आणि चार्जरचं कवच वेगळं घ्यावं लागतं का, तेही विचारा. या गाडीत सगळ्यात महाग भाग तोच.

वय ७१ म्हणून विमा महाग, हे कोणी सांगितलं तर दुसऱ्या कंपनीचं कोटेशन घ्या. वयापेक्षा त्यांच्या लायसन्सची तारीख महत्त्वाची. ५५ नंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, आणि पूर्वीची तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपली त्या दिवसापासून ते लायसन्स नसल्यासारखंच, आणि त्या काळातल्या अपघाताचा क्लेम नाकारायला कंपनीला एवढं कारण पुरतं. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो. डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागेल. आज त्यांचं लायसन्स पाहा. पुढे कधी पगारी ड्रायव्हर ठेवलात तर त्याच्यासाठी दरपत्रकात ५० रुपयांचं कवच आहे. ते सोडू नका.

नणंदबाईंना कायद्याच्या भाषेत अनुकूलित वाहनाची सवलत लागू होते. अपंग व्यक्तीसाठी खास बदल केलेल्या गाडीला दरपत्रकात ओडीवर थेट ५० टक्के सूट आहे, आणि बोनस वेगळा. पण ती मिळते आरसी पाहून. हाताचा ब्रेक-ॲक्सिलरेटर नुसता गॅरेजमध्ये बसवला आणि आरटीओत नोंदवला नाही, तर सूट तर नाहीच, उलट "न कळवलेला बदल" म्हणून क्लेम अडतो. आधी आरसीवर नोंद, मग तिची प्रत विमा कंपनीच्या शाखेत, आणि रिन्यूअलच्या कागदावर ही सूट वेगळ्या ओळीत छापून घ्या. ऑनलाइन फॉर्ममध्ये हा रकाना सापडला नाही तर तसंच पुढे जाऊ नका, शाखेत जा. सीएनजी किटचंही हेच. बाहेरून किट बसवलं असेल तर आरसीवर नोंद हवी, पॉलिसीत किटची किंमत हवी. दर त्या किमतीच्या ४ टक्के, शिवाय थर्ड पार्टीत ६० रुपये. तेवढे वाचवायला किट लपवू नये.

बाकीच्या छोट्या सुटी पटकन सांगते. मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासदत्व असेल, आपल्याकडे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, तर ओडीवर ५ टक्के, पण जास्तीत जास्त २०० रुपये. पुण्याच्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्यता दिलेलं चोरीरोधक यंत्र बसवून त्याचं प्रमाणपत्र असेल तर अडीच टक्के, कमाल ५००. आधीपासून असेल तर मागा. मुद्दाम त्यासाठी खर्च करू नका. काही कंपन्या डॉक्टर, शिक्षक, सरकारी नोकर अशा व्यवसायांना थोडी सूट देतात, म्हणून फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकाना रिकामा सोडू नका आणि खोटाही भरू नका. एकाच पॉलिसीत अनेक गाड्या बसवायची सोय २०२२ पासून आली, पण गाड्या एकाच मालकाच्या लागतात. तुमच्या घरात प्रत्येकाच्या नावावर वेगळी गाडी, म्हणून उपयोग नाही.

स्वेच्छेने जादा रक्कम आपल्या खिशातून भरायची तयारी दाखवली, ज्याला व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणतात, तर दरपत्रकात २,५०० ला २० टक्के पण कमाल ७५०; ५,००० ला २५ टक्के, कमाल १,५००; ७,५०० ला ३० टक्के, कमाल २,०००; १५,००० ला ३५ टक्के, कमाल २,५००. सासऱ्यांसारख्या क्वचित आणि सावकाश चालवणाऱ्याला २,५०० चा टप्पा ठीक. तुमच्या गाडीवर नको. घरात नवा चालक असताना ही सूट दोन महिन्यांत परत जाते.

तुमचं कोटेशन घ्यायचं कसं ते सांगते, कारण स्वस्त कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त फसगत आयडीव्हीत होते. रिन्यूअलच्या महिनाभर आधी तीन कोटेशन मागवा: सध्याची कंपनी, डीलर आणि आणखी एक. तिन्हीत आयडीव्ही एक, बोनस ३५, व्हॉलंटरी डिडक्टिबल शून्य, ॲड-ऑन, म्हणजे जादा कवचं, तीच. मगच शेवटचा आकडा बघा. एखाद्याने आयडीव्ही ५,४०,००० ऐवजी ४,८०,००० धरली असेल तर हप्ता कमी दिसेल. किती? ६०,००० वर ३.२८३ टक्के म्हणजे १,९७०. कंपनीची ४५ टक्के सूट आणि बोनस वजा करून उरले जेमतेम सातशे. आणि गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर जाऊन ती पूर्ण निकामी धरली गेली, तर हातात ६०,००० कमी. ॲड-ऑनमध्ये काटछाट करायची तर किल्ली, सामान, टायर यांची करा. इंजिन प्रोटेक्ट काढू नका. बेसमेंटमध्ये किंवा रस्त्यावर पाणी भरलं, इंजिनात शिरलं आणि कोणी स्टार्टर मारला, की कनेक्टिंग रॉड वाकते. मूळ पॉलिसी तो खर्च देत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका, मुलालाही हे आजच सांगून ठेवा. ढकला, टो करा.

डीलरकडेच विमा काढायची सक्ती नसते. त्याने कॅशलेस फक्त आमच्याच पॉलिसीवर असं म्हटलं तर त्या वर्कशॉपचं नाव कोणकोणत्या कंपन्यांच्या नेटवर्क यादीत आहे ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. पॉलिसी हातात आली की क्यूआर कोड स्कॅन करा आणि चार-पाच दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंद झाली का बघा. तारीख मात्र चुकवू नका. एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची पुन्हा तपासणी होते, आणि ९० दिवस गेले तर सगळा साठवलेला बोनस शून्य. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

राहिले तुमचे दीर. दुबईत त्यांच्या नावावर गाडी आणि विमा असेल तर तिथली क्लेमविरहित वर्षं इथे वाया जात नाहीत. दरपत्रकाच्या नियमात परदेशात मिळवलेला बोनस इथल्या नव्या पॉलिसीवर देण्याची तरतूद आहे. अट एवढीच की तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे विमा घेतला पाहिजे. टक्के आपल्या पायऱ्यांप्रमाणे बसतात. विमान पकडण्याआधी तिथल्या विमा कंपनीकडून नो क्लेम सर्टिफिकेट शिक्क्यासह मागून घ्या. त्यावर त्यांचं पासपोर्टातलं नाव, पॉलिसीच्या तारखा आणि क्लेम नसलेली वर्षं स्पष्ट हवीत. इथे आल्यावर ईमेलवर मागायला गेलं की महिने जातात, आणि तोवर डीलरने बोनसशिवाय पॉलिसी काढलेली असते. कंपनीच्या शाखेत लेखी मागणी करा, आणि गाडीच्या बुकिंगच्या वेळीच डीलरला सांगून ठेवा की विमा आम्ही आणणार.